दिवे लावणाऱ्या ताई

"आधी दिवा लाव, मग बोल."

असं म्हणताना ताई उजव्या हाताचा अंगठा हवेतच खाली दाबायच्या. जुन्या घरांत काळी, जाड बटणं असायची ना, जोर लावल्याशिवाय न दबणारी, तसा जोर लावून. समोर बटण नसायचं. समोर बहुतेक वेळा मी असायचे, आणि मला काही बोलायचंही नसायचं.

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी व्यक्ती असेल, जिचं एक वाक्य सगळ्या मजल्याला पाठ असतं. आमच्याकडे कँटीनचा चहा पाणचट झाला, तरी कुणीतरी अंगठा दाबून म्हणायचं, "आधी दिवा लाव, मग बोल." त्याचा चहाशी काही संबंध नव्हता. ताई स्वतःही हसायच्या.

आमचं काम काय ते सांगते, म्हणजे त्या वाक्याचा अर्थ लागेल. आमची कंपनी माहिती साठवणारी यंत्रं बनवते. मोठ्या ड्रॉवरसारखी एक पेटी असते. ती ओढली की आत साठ हार्ड डिस्क ओळींनी उभ्या दिसतात, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक बारीक दिवा. रुग्णालयं, कॉलेजं, कारखाने, सगळ्यांची माहिती या डिस्कवर राहते. एखादी डिस्क बिघडली की ती काढून नवी बसवायची, पण बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. कुठली आजारी आहे ते यंत्राला कळलेलं असतं. समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही. म्हणून आजारी डिस्कवरचा पिवळा दिवा लुकलुकायला हवा. हा दिवा आम्हाला पुण्यात बसून संगणकावरून हाताने लावता यायचा. पण माणूस घाईत असला की लावायचा विसरायचा, किंवा लावून विझवायचा विसरायचा, आणि मग काही महिन्यांनी दुसराच कुणी त्या जुन्या दिव्याकडे बघून धडधाकट डिस्क उपटायचा. दिवा आपोआप लागावा आणि आपोआप विझावा, एवढंच आमच्या टीमचं काम होतं.

"एवढंच?" असं आईने विचारलं होतं. मी म्हटलं, "एवढंच."

ऑफिसातले लोक आईपेक्षा तिखट होते. "ताईंची टीम काय करते?" "दिवे लावते!" यावर सगळे खो खो हसायचे. मी इंग्रजी शाळेतली. पहिले काही दिवस मला वाटलं, आमच्या कामाचं साधं वर्णन चाललंय. मी मान डोलावायचे. 'दिवे लावणे' या शब्दांचा दुसरा अर्थ मला बाबांनी रात्री जेवताना सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये खाली मान घालून बसले. ताईंना ते लगेच कळलं.

"समजला वाटतं अर्थ," त्या म्हणाल्या. "चांगलं झालं. आता दोन्ही अर्थांनी लावू."

ताई मूळच्या नागपूरच्या. पन्नाशीच्या आसपास, सुती साड्या, पायात कायम स्पोर्ट्स शूज. पहिल्या दिवशी मी त्यांना 'मॅम' म्हटलं तर म्हणाल्या, "मॅम नको. शाळेतल्या मारकुट्या बाईंची आठवण येते." मग सगळे म्हणायचे तशी मीही 'ताई' म्हणू लागले. दुपारी डबा उघडण्याआधी त्यांचा एक फोन ठरलेला असायचा. "जयभीम बाबा. जेवले का?" बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, नागपुरात एकटे. ते जेवले असं ऐकल्याशिवाय ताई डब्याचं झाकण काढायच्या नाहीत.

पंचवीस वर्षं पुण्यात राहूनही ताईंची बोली हलली नव्हती. "काय करून राहिली?" "मी येऊन राहिली." आमच्या टीममध्ये सदाशिव पेठेतले एक गृहस्थ होते. ताई त्यांना 'पेठवाले' म्हणायच्या, म्हणून मीही इथे तेच म्हणते. पेठवाल्यांना शुद्ध मराठीचा आणि स्वच्छ टेबलाचा सोस.

"अहो ताई," ते एकदा म्हणाले, "आपण 'येऊन राहिली' म्हणता, त्यात नक्की काय? येणार, की राहणार?"

"येणार आणि राहणार. पुण्यात दोन्ही एकदम जमत नाही ना, म्हणून तुम्हाला समजत नाही."

पेठवाले चष्मा पुसत बसले. असं त्यांचं रोज चालायचं, आणि रोज चार वाजता ते न विचारता ताईंच्या टेबलावर आल्याची वडी ठेवून जायचे.

ताईंकडून मी काम शिकले ते अशाच वाक्यांमधून. दिवा विझवण्याचा भाग माझ्याकडे होता. मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये बिघडलेली डिस्क बाहेर काढली की दिवा लगेच विझायचा. मला ते नीटनेटकं वाटलं होतं. ताईंनी वाचलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"रिकाम्या जागेचा दिवा विझवू नको."

"पण डिस्क तर काढली ना?"

"काढली. नवी आली का? बसली का? चालायला लागली का? तो माणूस नवी डिस्क आणायला दुसऱ्या खोलीत गेला, वाटेत कुणी हाक मारली, वापस आला, तर त्याला जागा कोण दाखवणार? नवं माणूस आत येऊन नीट बसू दे. मग विझव."

डिस्कला त्या नेहमी माणूसच म्हणायच्या. "हा माणूस थकला," "त्या माणसाचं काही खरं नाही."

आता बुधवार पेठेतली गोष्ट सांगते, कारण माझ्या दृष्टीने सगळं तिथून सुरू झालं.

खरी पेटी प्रयोगशाळेत एकच होती आणि ती कायम दुसऱ्या टीमच्या ताब्यात असायची. ताई म्हणाल्या, आपली आपण बनवू. एका प्लायच्या फळीला साठ भोकं पाडायची, त्यात साठ बारीक दिवे बसवायचे, आणि आपला प्रोग्रॅम त्यावर चालवून बघायचा. दिवे आणायला आम्ही दोघी दुपारी बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठच्या बाजूने हारांच्या टोपल्या चुकवत एका चिंचोळ्या दुकानात शिरलो. पुढे दुकानदार आणि मागे भिंतभर प्लॅस्टिकचे कप्पे. ताई वायर बघायला पलीकडच्या दुकानात गेल्या आणि मला म्हणाल्या, "साठ घे."

दुकानदाराने डबी ओतली, बोटाने दिवे सरकवत मोजले आणि म्हणाला, "एकोणसाठ आहेत. चालतील?"

तुम्हाला माझं अडाणीपण वाटेल, पण मराठी घरात वाढलेल्या माझ्यासारख्या पुष्कळ मुलामुलींचं हे असंच आहे. आम्ही मराठीत भांडतो, रडतो, पण आकडे इंग्रजीत मोजतो. मला ऐकू आलं 'साठ', आणि त्याच्या आधी काहीतरी नऊसारखं. म्हणजे सिक्स्टी-नाइन. पुन्हा विचारायची लाज. मी तोंडभर हसून म्हटलं, "जास्त झालेत ना? नऊ काढून घ्या."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "नऊ काढले तर पन्नास राहतील. तेवढे पुरणार आहेत का?"

मी डबीतल्या दिव्यांकडे बघत राहिले.

"शाळा कुठली?"

मी पर्सची चेन उघडझाक करू लागले. मागून ताईंचा आवाज आला. त्या केव्हा परत आल्या होत्या कुणास ठाऊक.

"एकोणसाठच द्या, दादा. एक जागा रिकामी राहिली तरी चालते. आमच्या कामात एक माणूस नेहमी गेलेलाच असतो."

दुकानाबाहेर आल्यावर मला वाटलं, आता त्या हसतील आणि उद्या ही गोष्ट कँटीनमध्ये जाईल. त्या हसल्या नाहीत. शेजारी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथे आम्ही बसलो. घुंगरांच्या आवाजात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. आधीच्या एका नोकरीतली.

एका रुग्णालयाच्या पेटीत डिस्क बिघडली होती. डिस्क गटाने राहतात; एक गेली तर बाकीच्या तिची माहिती सांभाळून घेतात, दुसरी गेली की त्या गटाचं संपलं. तिथल्या तळघरात एक तरुण तंत्रज्ञ उभा होता आणि फोनवर ताई होत्या. ताईंनी सांगितलं, "एकोणतीस काढ." पंख्यांचा आवाज मोठा. तो म्हणाला, "हो, मॅडम." आणि त्याने त्याच गटातली एकोणचाळीस नंबरची, धडधाकट डिस्क काढली.

"त्यानं थर्टी-नाइन ऐकलं," मी म्हटलं. मला ते आतून कळलं.

"तुला लगेच समजलं पाहा. मला तेव्हा समजलं नव्हतं. हाताने दिवा लावता येत होता, पण घाई होती. मी लावला नाही, नुसती बोलली." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "लोकांचे स्कॅन गेले. कितीतरी पेशंटना पुन्हा बोलवावं लागलं. मी तिथं गेली होती. एक आजोबा दुसऱ्यांदा एसटीनं आलेले. मला विचारतात, पोरी, पहिला फोटो नीट निघाला नव्हता का? मी काय सांगणार त्यांना?"

रसवाल्याने बर्फ फोडला.

"त्या पोराला सगळे ओरडले. त्याची काय चूक? त्याच्या शाळेनं मराठी आकडे शिकवले नाहीत आणि माझ्या शाळेनं दुसरे शिकवले नाहीत. तू लाजत नको जाऊ. एकोण म्हणजे एक उणा. साठाला एक उणा, एकोणसाठ. पुढचा दहा ऐकायचा आणि त्यातून एक काढायचा. झालं."

मला शाळेच्या बारा वर्षांत कुणी हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं, हेही खरं. बसने धायरीला घरी जाताना मी दुकानांच्या पाट्यांवरचे आकडे मनात मराठीत म्हणत गेले.

फळी तयार झाली. एकोणसाठ दिवे आणि कोपऱ्यात एक रिकामं भोक. ताईंनी ती आपल्या टेबलावर उभी केली. प्लग लावला की सगळे दिवे स्थिर लागायचे. आमच्या प्रोग्रॅमला खोटी बातमी द्यायची की अमुक डिस्क बिघडली, आणि तिचा दिवा लुकलुकायला लागायचा. पहिल्यांदा तो आपोआप लुकलुकला तेव्हा पेठवाले शांतपणे म्हणाले, "लावलेत का शेवटी दिवे?" ताईंनी त्यांना टाळी दिली.

पुढे मात्र वेगळंच घडलं. यंत्राची नवी आवृत्ती ग्राहकांकडे जायची होती आणि वेळ कमी पडत होता. आमच्या मॅनेजरनी ठरवलं की काही कामं गाळायची, आणि पहिलं नाव आमच्या दिव्यांचं. "हाताने लावता येतोच की," ते म्हणाले. "आत्ता वगळू. नंतर बघू." ऑफिसात 'नंतर बघू' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ताईंनी एवढंच मागितलं की बैठकीत मला अर्धा तास द्या, मी दाखवते, मग ठरवा.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी ताईंनी नेहमीचा फोन लावला, पण त्यांच्या बाबांनी उचलला नाही. शेजाऱ्यांनी उचलला. बाबा न्हाणीघरात पडले होते. डबा न उघडताच ताईंनी पर्स उचलली. दाराशी जाऊन त्या परत आल्या आणि माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"उद्या तू बोलशील."

"ताई, मला नाही जमणार. पेठवाल्यांना सांगा ना."

"ते बोलले तर लोक चिडतील," त्या म्हणाल्या. पेठवाले शेजारीच होते. त्यांनी मान डोलावली. "तुला काही भाषण द्यायचं नाही. आधी दिवा लाव. मग बोल."

अंगठा दाबला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी फळी उचलून मी बैठकीच्या खोलीत गेले. टेबलाभोवती सगळे होते. मी रात्री घरी पाठ केलेली इंग्रजी वाक्यं तोंडाशी आली आणि तिथेच बसली. पेठवाल्यांनी माझ्याकडे न बघता फळीची वायर प्लगमध्ये घातली. दिवे लागले. मग माझ्या तोंडून मराठीत जे निघालं, ते मी पाठ केलेलं नव्हतं.

"सर, लातूरला आपला माणूस पेटीसमोर उभा आहे. मी इथून फोनवर त्याला सांगते, एकोणपन्नास काढा. तुम्ही तो माणूस आहात. कुठली काढाल?"

मॅनेजर पुण्यातलेच, मराठीच. त्यांनी फळीकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, "फिफ्टी-नाइन."

कुणीतरी खुदकन हसलं. मॅनेजर चमकले. "मग? फोर्टी-नाइन?" त्यांनी शेजारच्याला विचारलं. शेजारचा तमिळ, तो म्हणाला, मला कशाला विचारता?

मी म्हटलं, "मलाही येत नव्हतं, सर. बुधवार पेठेत मी एकोणसाठ दिव्यांतून नऊ परत द्यायला निघाले होते. विचारायची लाज वाटली. आपल्या ग्राहकांकडे उभी असलेली मुलं माझ्याच वयाची आहेत. त्यांनाही लाज वाटेल, आणि ती 'हो' म्हणतील." मग मी एकोणपन्नासाव्या दिव्याची बातमी प्रोग्रॅमला दिली. पिवळा ठिपका लुकलुकू लागला. "आता मी काही सांगितलं नाही तरी चालेल."

मी शाळेत कधी हात वर केला नव्हता. त्या खोलीत माझे कान तापले होते आणि तरी मी उभी होते. मॅनेजर बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"दिवे राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "दुसरं काहीतरी वगळू."

बाहेर आल्यावर मी ताईंना फोन केला. त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात होत्या, मागे कुणाचीतरी चाकाची खुर्ची करकरत होती. बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

"राहिले," मी म्हटलं.

"कोण राहिलं?"

"दिवे."

त्या म्हणाल्या, "अगं, इथं मी बाबांचा एक्स-रे घेऊन बसून राहिली. पहिल्याच वेळी नीट निघाला." आणि नाक ओढल्याचा आवाज आला.

ताई परत आल्या नाहीत. बाबा उठून चालू लागले, पण एकटं ठेवण्यासारखे राहिले नाहीत, आणि पुण्यात यायला तयार नव्हते. काही आठवडे ताईंनी तिथून काम केलं, मग तिथलीच एक नोकरी धरली. निरोपाचा समारंभ करायचा म्हटलं तर म्हणाल्या, "मी गेली कुठं? नागपुरातच येऊन राहिली." पेठवाल्यांनी ते वाक्य ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यात चूक काढली नाही.

आमचे दिवे आता गावोगावी आहेत. एकदा सोलापूरहून एका तंत्रज्ञाचा फोन आला. मी नंबर सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "काही सांगू नका मॅडम, दिसून राहिलंय." 'राहिलंय' ऐकून मी विचारलं, "तुम्ही नागपूरचे का?" "नाही, वर्ध्याचा. का?" मी म्हटलं, काही नाही. नंतर ताईंना ते सांगितलं, तेव्हा त्या किती वेळ हसत होत्या. आमचा फोन अजूनही असतो, दुपारी, बाबा जेवले की. "काय करून राहिली?" त्या विचारतात. मी म्हणते, "दिवे लावून राहिलेय." दोन्ही अर्थांनी.

त्यांचं टेबल अजून रिकामं आहे. नवीन माणूस घेणार आहेत म्हणे. फळी मात्र तिथेच उभी आहे, आणि रोज सकाळी मी पोचते तेव्हा तिच्यावरचे सगळे दिवे लागलेले असतात. मला वाटायचं, साफसफाईवाल्या मावशींचा हात लागत असेल. एकदा लवकर आले तर पेठवाले वाकून प्लग लावताना दिसले. ऑफिसातला एक पंखा चुकून चालू राहिला तर सगळ्या मजल्याला मेल पाठवणारे पेठवाले.

"अहो, उगाच वीज जाते ना," मी त्यांच्याच सुरात म्हटलं.

"नियम आहे," ते फळी रुमालाने पुसत म्हणाले. "रिकाम्या जागेचा दिवा विझवायचा नाही. नवा माणूस येऊन नीट बसेपर्यंत."

"आणि बसल्यावर?"

त्यांनी खिशातून आल्याची वडी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि माझ्या टेबलावर ठेवली. फळीवरचे एकोणसाठ दिवे लागलेले होते. साठाला एक उणा.